दादर, मिलो आणि मुंबईचं अर्थशास्त्र

मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागाला शंभर वर्षं पुरी झाली तेव्हा खान्देशात कुणी पेढे वाटले नाहीत. वाटायचं कारणही नव्हतं. आमचं त्या विद्यापीठाशी नातं कधीच तुटलेलं. अमळनेरचं प्रताप कॉलेज आणि जळगावचं मूळजी जेठा कॉलेज, दोन्ही 1945 सालची. मुंबईशी त्यांचा संबंध जेमतेम चार वर्षांचा. 1949 साली पुणे विद्यापीठ निघालं, जळगावपासून कोल्हापूरपर्यंतचे बारा जिल्हे त्याच्या पदरात पडले आणि आमच्या मार्कशीटवर पुण्याचा शिक्का आला. 1962 ला कोल्हापूरला वेगळं विद्यापीठ झालं, तिकडचे जिल्हे सुटले. आम्ही धुळे-जळगावकर मात्र 15 ऑगस्ट 1990 पर्यंत पुण्याच्याच यादीत होतो.

तरीही तालुक्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवण्यात हयात घालवल्यावर मी असं म्हणायचं धाडस करतो, की आमच्याकडे या विषयात जे काही बरं होतं त्यातलं पुष्कळसं मुंबईहून आलेलं होतं. विद्यापीठाच्या संलग्नतेतून ते आलं नाही. माणसांमधून आलं, आणि काही वेळा तर सरकारी आदेशाच्या रूपाने थेट घरात येऊन बसलं. पुण्याचा गोखले इन्स्टिट्यूटशी जोडलेला अभिमान आम्हांलाही होता. धनंजयराव गाडगीळ, वि. म. दांडेकर ही नावं आम्ही घरच्यासारखी घ्यायचो. पण वर्गात ज्या माणसाने मला अर्थशास्त्राची गोडी लावली, ते आमचे सर एम.ए. झाले होते मुंबईला, राजाबाई टॉवरच्या परिसरात, आणि त्यांचा सगळा जीव तिथेच अडकलेला होता.

सर मूळचे आमच्याच भागातले. पांढरा शर्ट, धोतर नाही पण धोतरासारखीच ढगळ पँट, हातात खडू आणि दुसऱ्या हातात नोट्स कधीच नाहीत. ते 'विभाग' असा शब्द वापरायचे नाहीत, 'आमचं स्कूल' म्हणायचे. कारण 1919 साली मुंबई विद्यापीठाने जे सुरू केलं ते 'स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड सोशिऑलॉजी'. समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र एका छपराखाली. समाजशास्त्राला पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडेस, शहरं कशी वाढतात ते पायी फिरून बघणारा स्कॉटिश गृहस्थ. अर्थशास्त्राला 1921 साली आले के. टी. शहा आणि त्याच वर्षी त्यांच्या हाताखाली सी. एन. वकील. दोघेही लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकून आलेले, दोघेही गुजराती, आणि स्वभावाने एकमेकांच्या अगदी उलट.

शहांबद्दल सर बोलायला लागले की तास संपायचा. हा माणूस प्राध्यापक म्हणून शांत बसणाऱ्यांतला नव्हता. 1938 साली काँग्रेसने राष्ट्रीय नियोजन समिती नेमली तेव्हा अध्यक्ष नेहरू आणि सरचिटणीस शहा. घटना समितीत 15 नोव्हेंबर 1948 रोजी भारताच्या नावापुढे 'धर्मनिरपेक्ष, संघराज्यीय, समाजवादी' हे शब्द घालावेत अशी दुरुस्ती त्यांनी मांडली. ती फेटाळली गेली. 1952 साली राष्ट्रपतिपदासाठी राजेंद्रप्रसादांच्या विरोधात उभे राहिले आणि पडले. पडणार हे त्यांनाही माहीत असणार. आमचे सर यावर एवढंच म्हणायचे, "हरायला जाणारा प्राध्यापक आता दाखवा मला."

पण शहांचं मला सर्वांत आवडतं काम 1924 सालचं आहे. खंबाटा नावाच्या सहकाऱ्याबरोबर त्यांनी देशाचं उत्पन्न आणि कर देण्याची ऐपत यांचा हिशेब केला. अशा हिशेबाचा शेवट साधारण एका आकड्यात होतो: दरडोई इतके रुपये. शहा-खंबाटा तिथे थांबले नाहीत. त्यांनी सांगितलं की सरासरी भारतीयाच्या उत्पन्नात तीन माणसांपैकी दोघांचं पोट भरेल, किंवा सगळ्यांना तीनपैकी दोन जेवणं मिळतील. तेही सगळे उघडे-नागडे, बिनछपराचे राहायला तयार असतील तर. म्हणजे रुपयाचं जेवणात रूपांतर. त्या विभागाची खरी ओळख मला इथे सापडते. पुढच्या सत्तर वर्षांत तिथल्या चांगल्या माणसांनी वेगवेगळ्या निमित्ताने हेच केलेलं दिसतं: मोठमोठ्या रकमा बाजूला सारून विचारलं, यात भाकरी किती?

आता मुंबईने खान्देशाकडे कसं बघितलं, तेही सांगायला हवं. खरं तर बघितलंच नाही. मुंबईला खान्देश ठाऊक होता तो कापसाचा मुलूख म्हणून. 1860 च्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि भाव कडाडले. त्याच सुमाराला रेल्वे भुसावळपर्यंत येऊन पोहोचली. तेव्हापासून आमच्या काळ्या जमिनीचं भाग्य दूर समुद्रापलीकडे ठरायला लागलं. विभागातले पहिले मोठे वाद चलनाचे, सरकारी वित्ताचे, व्यापाराचे. ते मुंबईच्या बंदरावर शोभणारेच होते. त्यांतला एक वाद मात्र आमच्या सरांनी फळ्यावर असा मांडला की आजही विसरता येत नाही.

रुपयाची किंमत 16 ब्रिटिश पेन्स ठेवायची की 18, हा तो वाद. हिल्टन यंग आयोगाने 1926 साली 18 पेन्सचा कौल दिला, आयोगातल्या पुरुषोत्तमदास ठाकूरदासांनी 16 च्या बाजूने आपलं वेगळं मत नोंदवलं, 1927 साली कायदा झाला. वकील आणि मुरंजन यांचा चलन आणि किमतींवरचा ग्रंथ त्याच धामधुमीतला. पुस्तकात हे सगळं दीड पानात उरकलेलं असायचं. सरांनी फळ्यावर लिहिलं: लिव्हरपूलला तुमचा कापूस एका पौंडाला गेला. पौंडाचे पेन्स 240. रुपया 16 पेन्सचा असेल तर हातात 15 रुपये. 18 पेन्सचा असेल तर 13 रुपये 5 आणे 4 पै. "कापूस तोच, गाडी तीच, बैल तेच. एक रुपया दहा आणे आठ पै कुठे गेले?" मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "सर, अडत्याने खाल्ले." वर्ग हसला. सर म्हणाले, "या वेळेस अडत्या निर्दोष आहे, हे लिहून ठेवा. असं पुन्हा होणार नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तीच गोष्ट उलटी फिरवली. रुपया स्वस्त ठेवला तर निर्यात करणाऱ्याचं भलं होतं, पण बाजारात सगळंच महागतं आणि ज्याची मजुरी ठरलेली आहे त्याच्या ताटातून तेवढं कमी होतं. हे म्हणणं होतं डॉ. आंबेडकरांचं. ते या विभागाचे नव्हते; 1918 ते 1920 या काळात मुंबईच्याच सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. 1918 साली लहान शेतजमिनींवर त्यांनी जो निबंध लिहिला त्यात, तुकडे जोडून प्रश्न सुटणार नाही, जमिनीवर जास्तीची माणसं साठली आहेत आणि त्यांना दुसरं काम मिळायला हवं, असं मांडलं होतं. रुपयाच्या वादातही त्यांची नजर मजुरावर होती. आमच्या वर्गात कापसाच्या शेतकऱ्यांची पोरं होती आणि त्याच शेतावर वर्षाच्या बोलीने राबणाऱ्या सालदारांचीही होती. पहिल्या दिवशी एका गटाला राग आला, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या. माझ्या मते त्या दोन तासांत अर्थशास्त्र शिकवून संपलं होतं. बाकी तीन वर्षं आम्ही परीक्षा दिल्या.

1936 च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. सारा आणि खंड कमी करा, कर्जवसुली थांबवा, असा शेतीचा कार्यक्रम तिथे मंजूर झाला. केळीच्या पट्ट्यातलं हे गाव. खान्देशने देशाच्या आर्थिक विचाराला दिलेला तो एक ठराव, आणि त्याचा जन्म कुठल्याही विभागात झालेला नाही. आमच्या अभ्यासक्रमात तो कधी नव्हता. इतिहासवाल्यांकडे होता, पण तिथे नेहरूंचं भाषण आणि बांबूचा मंडप यांवरच भर.

शहांनंतर वकील विभागाचे प्रमुख झाले आणि 1956 पर्यंत राहिले. शहा धुमाकूळ घालणारे, वकील उभारणारे. विद्यार्थ्यांकडून प्रबंध लिहून घ्यायचे, ते छापून आणायचे, खेड्यांच्या पाहण्या करायला लावायचे. दक्षिण गुजरातमधल्या एका खेड्याच्या जीवनावर मुख्त्यारांनी केलेला अभ्यास 1930 साली छापला गेला तो वकिलांच्याच देखरेखीखाली. खान्देशातल्या एखाद्या खेड्याचं असं पुस्तक त्या मालिकेत असतं तर! सुरतेहून नवापूर असं किती लांब आहे? पण प्रबंध लिहिणारी मुलं जिथून यायची तिथलीच खेडी पुस्तकात जायची, आणि त्या काळात आमच्याकडून मुंबईला एम.ए. करायला जाणारे हाताच्या बोटावर.

विभागाच्या सगळ्या इतिहासात माझ्या दृष्टीने महत्त्वाचं असं एकच भांडण आहे, आणि ते वकील हरले. 1956 साली दुसरी पंचवार्षिक योजना आली. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांचा आराखडा: आधी पोलाद, यंत्रं, यंत्रं तयार करणारी यंत्रं, तोवर कापड आणि बाकीच्या वापराच्या वस्तू घरगुती धंद्यांतून निघतील. सगळ्या देशाला हा आराखडा भावला होता. त्याच वर्षी वकील आणि त्यांचा तरुण सहकारी पी. आर. ब्रह्मानंद यांनी एका पुस्तकात वेगळीच गोष्ट मांडली. ब्रह्मानंद मूळचे म्हैसूरकडचे, तेव्हा तिशीतले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की शेतीवर लाखो माणसं नावाला कामात आहेत. त्यांना काढून रस्त्यावर, धरणावर, कारखान्यात लावायचं तर अडचण यंत्रांची नाही. त्यांना मजुरी देणार ती कशात? नोटा छापून दिल्या तर ती माणसं त्या नोटा घेऊन धान्याच्या दुकानात जाणार, आणि धान्य तेवढंच असेल तर भाव वाढणार. म्हणून आधी धान्य, जाडंभरडं कापड, तेल, मीठ, म्हणजे मजूर ज्या वस्तूंवर जगतो त्या वेतनवस्तू वाढवा. रोजगाराची खरी मर्यादा तिथे आहे.

टी.वाय.ला हा मुद्दा आम्हांला टीप म्हणून होता. 'वेतनवस्तू प्रतिमान: टीप लिहा.' गाईडमध्ये सहा ओळी. मी त्या पाठ केल्या होत्या. पण मला तो समजला होता फार आधी, लहानपणी, आखाजीच्या म्हणजे अक्षय तृतीयेच्या दिवशी, आमच्या ओट्यावर.

आखाजीला आमच्याकडे सालदाराचं साल फिरायचं. जुन्याचा हिशेब मिटायचा, नव्याशी बोलणी व्हायची. माझे आजोबा, म्हणजे आबा, खाटेवर, सालदार ओट्याच्या कडेला, मधे दोन पंच म्हणावेत असे शेजारचे नाना आणि एक जिभाऊ. आधी रकमेवर घासाघीस. आबा एक आकडा सांगायचे, नाना मान हलवायचे, जिभाऊ दुसरा सुचवायचे. त्यात गर्मी नसायची. सगळ्यांना माहीत असायचं कुठे येऊन थांबायचं ते. खरी ताणाताणी सुरू व्हायची ती पुढे: दादर किती? दादर म्हणजे आमची रब्बीची ज्वारी, नदीकाठच्या काळ्या रानातली, पांढरी, टपोरी. तिची भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. पोती किती, ती माप भरून की सपाट, खळ्यावरून लगेच की महिन्याच्या महिन्याला, धान्य यंदाचं की कोठीतलं जुनं, एकेका गोष्टीवर वेळ जायचा. मग धोतरजोडी, चपला, घोंगडी, बाईला लुगडं. एका वर्षी सालदार म्हणाला ते शब्द मला आठवतात: "आबा, पैसा थोडा कमी द्या, चाली जाई. पन दादर कमी करू नका."

वकील-ब्रह्मानंदांचं अख्खं पुस्तक या एका वाक्यात आहे असं मी वर्गात दरवर्षी सांगत आलो. दरवर्षी दोन-चार मुलांचे डोळे चमकायचे. बाकीची विचारायची, हे लिहिलं तर मार्क मिळतील का?

दिल्लीत हा युक्तिवाद चालला नाही. महालनोबिसांच्या बाजूला नेहरू होते, गणित होतं आणि काळही होता. स्वतंत्र देशाला पोलादाचे कारखाने हवेत, या भावनेपुढे ज्वारीचं काय चालणार? आणि माझं मत विचाराल तर, पोलाद नकोच होतं असं मुळीच नाही. क्रम चुकला. योजना सुरू झाली त्याच वर्षी, 1956 च्या ऑगस्टमध्ये, अमेरिकेशी तिकडचं धान्य आणायचा पीएल-480 चा करार झाला. धान्याचा तुटवडा परदेशी जहाजांवर टाकून आपण पुढे निघालो. 1965 आणि 1966 ला पाऊस फिरला आणि 1966 साली सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणावं लागलं.

ते आमच्या घरातही आलं. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर लाल ज्वारी मिळायची, मिलो म्हणायचे तिला. तिची भाकरी थापताना फुटायची, तव्यावर पडली की कडा तडकायच्या, रंग विटेसारखा. आई पिठात गरम पाणी घालून घालून हात भाजून घ्यायची. दादर खाऊन वाढलेली आबांसारखी माणसं तो तुकडा ताटात उलटासुलटा करत बसायची. आमचा सालदार त्या साली साल अर्ध्यात सोडून दुष्काळी कामावर गेला, कारण आमच्याच कोठीत द्यायला धान्य नव्हतं. पैसे द्यायला आबा तयार होते. त्याला ते नको होते. पुढे कॉलेजात सर वेतनवस्तूंवर बोलत होते तेव्हा मी वहीत काहीच लिहून घेतलं नाही. मला आईचे हात दिसत होते.

मग 1974. घाऊक भाववाढ 25 टक्क्यांच्या घरात गेली. वकील तेव्हा निवृत्त, ऐंशीकडे झुकलेले; ब्रह्मानंद विभागात भरात. या गुरुशिष्यांनी पुढाकार घेऊन देशातल्या शंभराहून जास्त अर्थतज्ज्ञांच्या सह्यांचं निवेदन इंदिरा गांधींना दिलं. लोकांच्या हातातला जास्तीचा पैसा काही काळ रोख्यांत आणि गोठवलेल्या ठेवींत अडकवून ठेवा, असा त्याचा गाभा. योजनेच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवून झालेला शब्द होता 'सेमीबॉम्बला'. हे नाव मराठी माणसाला विचारून ठेवलं असतं तर बरं झालं असतं. सरकारने निवेदन जसंच्या तसं उचललं नाही. पण जुलैमध्ये जे तीन अध्यादेश निघाले त्यांची दिशा तीच होती. कंपन्यांच्या लाभांशावर मर्यादा, आयकर भरणाऱ्यांना सक्तीची ठेव, आणि नोकरदारांची वाढीव पगाराची सगळी आणि वाढीव महागाई भत्त्याची निम्मी रक्कम सक्तीने जमा.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. भत्ता वाढला की त्यातला अर्धा कागदावर वाढायचा, अर्धा हातात यायचा. ते पगाराच्या दिवशी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवायचे आणि आईला सांगायचे, "सरकारने आपल्याला श्रीमंत केलंय, फक्त आत्ता नाही." पुढे ती रक्कम हप्त्याहप्त्याने व्याजासकट परत आली, हे त्यांनाही मान्य होतं. पण मी कॉलेजातून येऊन मोठ्या ऐटीत सांगितलं, की ही कल्पना आमच्या सरांच्या स्कूलच्या लोकांची होती, तेव्हा त्यांनी चष्मा वर केला. "तुझ्या सरांना विचार, त्यांचाही कापला का?"

मी विचारलं. सर खूप वेळ हसले. "माझाही कापला. पण बापाला सांग, मी सही केली असती." मग थोडे गंभीर झाले. मजुराच्या ताटातली भाकरी वाचवायची तर आधी धान्य वाढवा, हे ब्रह्मानंदांनी 1956 ला सांगितलं. धान्य वाढलं नाही म्हणून 1974 ला पगारदाराच्या हातातली नोट थोपवायची पाळी आली, असं त्यांचं म्हणणं. वडिलांना हे काही पटलं नाही. मला आजही अर्धंच पटतं. ज्यांचा पगार कागदावर असतो त्यांचाच कापता येतो. अमळनेरच्या बाजारातल्या व्यापाऱ्याची बेहिशेबी रोकड कुठल्याही अध्यादेशाला दिसत नव्हती, आणि मुंबईच्या प्राध्यापकांना ती दिसत नसेल यावर माझा विश्वास बसत नाही.

विभागाच्या बाकी दोघांबद्दल थोडक्यात. एम. एल. दांतवाला हे गांधींच्या प्रभावळीतले. धनिकाने संपत्ती समाजाची विश्वस्त म्हणून सांभाळावी, या विश्वस्ततेच्या कल्पनेचा जो मसुदा गांधींनी दुरुस्त करून मान्य केला, तो मूळ दांतवालांचा. 1965 साली कृषी मूल्य आयोग स्थापन झाला त्याचे ते पहिले अध्यक्ष. आज जळगावात कापसाच्या हमीभावावरून रास्ता रोको होतो तेव्हा कुणाला त्यांचं नाव माहीत नसतं, आणि असायची गरजही नाही. दुसरे डी. टी. लकडावाला. जनता सरकारच्या काळात नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. पुढे गरिबांची मोजणी कशी करावी हे ठरवणाऱ्या तज्ज्ञगटाचे प्रमुख. 1993 सालच्या त्या अहवालाने प्रत्येक राज्याची दारिद्र्यरेषा वेगळी काढली. मोजमाप मात्र जुनंच ठेवलं: खेड्यात 2,400 उष्मांक, शहरात 2,100. शहा-खंबाटांनी तीन जेवणांतली दोन मोजली होती, लकडावाला उष्मांक मोजत होते.

'दारिद्र्यरेषेखालचा' हे विशेषण मग पिवळ्या कार्डासोबत सातपुड्याच्या पाड्यापर्यंत पोहोचलं. एखाद्या विभागाचा प्रभाव कुठवर जातो, तर इथवर जातो.

आमच्याकडचं काय? 1983 साली दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, तिने 1984 ला राज्यातल्या प्रादेशिक असमतोलाचा अनुशेष काढला, सुमारे 3,187 कोटी. हिशेब जिल्हावार होता आणि काळजीपूर्वक होता. पण 1994 ला वैधानिक विकास मंडळं झाली तेव्हा विदर्भाला एक, मराठवाड्याला एक, आणि खान्देश 'उर्वरित महाराष्ट्रात'. म्हणजे सातपुड्यातलं अक्कलकुवा आणि पुणे एका गाठोड्यात. सरासरी काढली की अक्कलकुव्याचं दुःख पुण्याच्या सुखात विरघळून जातं. त्या वेळी आमच्या भागातल्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी एकत्र बसून जिल्ह्या-जिल्ह्याचे आकडे मांडून मुंबईला एक खणखणीत निवेदन द्यायला हवं होतं. शंभर सह्या कशाला, वीस पुरल्या असत्या. आम्ही परिषदा घेतल्या. त्यांत जागतिकीकरणावर निबंध वाचले.

जळगावला आपलं विद्यापीठ झालं, गिरणेच्या काठी टेकड्यांवर इमारती उभ्या राहिल्या, 2018 साली त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं. मला याचा मनापासून आनंद आहे. अक्षरओळख नसलेल्या बाईचं नाव विद्यापीठाला देणारा मुलूख माझा आहे. संशोधनही वाढलं. केळी, कापूस, उसतोडीला जाणारी कुटुंबं, बचत गट, सगळ्यांवर प्रबंध झाले. पण तोंडी परीक्षांना मी बसलो आहे, त्यावरून सांगतो. केळीवरच्या प्रबंधात लागवडीखालचं क्षेत्र असतं, उत्पादन असतं, प्रश्नावली असते, टक्केवारीचे तक्ते असतात. नवती, पिलबाग, वापसी या प्रतवारीत आज सकाळी रावेरला कोणता भाव निघाला, तो कोणी काढला आणि बागेत ट्रक उभा राहिल्यावर व्यापाऱ्याने त्यातून किती कमी केले, हे नसतं. रावेर-यावलचं शेंबडं पोर ते सांगेल. संशोधक स्वतः केळीवाल्याचा मुलगा असतो, घरी त्याच्या बापाने काल संध्याकाळी फोनवर हेच भांडण केलेलं असतं, आणि प्रबंधात तो लिहितो 'विपणनातील समस्या'. सर असते तर त्यांनी फळ्यावर 240 पेन्ससारखा एका घडाचा हिशेब मांडायला लावला असता.

मुंबईचा विभागही पुढे कालिन्याला गेला, त्याचं नाव बदललं, अर्थशास्त्राबरोबर सार्वजनिक धोरणही जोडलं गेलं. तिथे आजही हुशार माणसं आहेत. पण दिल्लीशी जाहीर भांडायची ती जुनी खुमखुमी मला दिसत नाही, आणि यात मुंबईचा एकटीचा दोष नाही. भांडण ऐकून घेणारं दिल्लीतही कुणी हवं. इंदिरा गांधींनी निवेदन पुरतं मानलं नाही, पण वाचलं तरी.

नव्या शैक्षणिक धोरणात पदवीला फील्ड प्रोजेक्ट आला आहे. बहुतेक ठिकाणी त्याची गत जर्नलसारखी होणार हे उघड आहे. एक मुलगा करतो, वर्ग उतरवतो. निवृत्त झाल्यावरही मुलं अधूनमधून घरी येतात. गेल्या वर्षी एक मुलगी आली, बोरी नदीकाठच्या गावची, आजोबा आमच्यासारख्याच कुणाकडे सालदार. तिला सालदारकीवरच करायचं होतं. तिच्या मार्गदर्शक प्राध्यापकांना विषय 'फार लहान' वाटला होता. मी म्हटलं, कर.

तिने गावातले उरलेसुरले सालदार गाठले, काही जुने म्हातारे गाठले. धान्य करारातून गेलं आहे. धोतरजोडीही गेली. आता साल म्हणजे रोख रक्कम, आधी उचल, आणि एकाच्या करारात तर मोबाइलचा रिचार्ज. दादरची जागा रेशनच्या गहू-तांदळाने घेतली आहे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने वेतनवस्तूंची जबाबदारी आबांच्या कोठीतून उचलून सरकारी गोदामावर टाकली, हे तिने आपल्या शब्दांत बरोबर लिहिलं होतं. ब्रह्मानंदांचं नाव तिने ऐकलेलं नव्हतं. तिचा प्रश्न वेगळा होता: रक्कम एवढी वाढली, मग आजी म्हणते तेव्हा जास्त परवडायचं, हे खरं की म्हातारीचं बोलणं?

मी तिला शहांचा मार्ग सांगितला. त्या त्या वर्षीचं साल घे, त्या त्या आखाजीच्या दादरीच्या भावाने भाग, क्विंटल किती येतात ते बघ. रेशनचं धान्य वेगळ्या रकान्यात धर. सालाचे आकडे तिला म्हाताऱ्यांकडून मिळाले, पाठ होते त्यांना. अडलं ते भावापाशी. बाजार समितीत जुन्या आवकेच्या वह्या कुठे आहेत हे कुणाला सांगता येईना. एकाने सांगितलं वाळवीने खाल्ल्या, दुसऱ्याने सांगितलं वरच्या माळ्यावर आहेत पण शिडी नाही. तिने अर्ज दिला आहे. दरम्यान गावातल्या दोन जुन्या अडत्यांच्या घरी रोजमेळ, म्हणजे रोजच्या हिशेबाच्या वह्या, असल्याचं कळलंय. एकाच्या मुलाने दाखवायचं कबूल केलं आहे, पण लग्नसराई आटोपल्यावर.